जिनिंगसाठी सेकंडहॅण्ड थंड्याचं मशीन घ्यावं का?

कपाशीवाला
नमस्कार मंडळी. दर्यापूर तालुक्यात आमची जिनिंग आहे, कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. आमची म्हणजे काकांची, मी वजनकाटा आणि हिशेब पाहतो. सीझनमध्ये ७०-८० माणसं असतात. रेच्यावरच्या (सरकी काढायच्या यंत्रावरच्या) बाया, गाठी बांधणारे, हमाल, दोन फिटर. शिवाय कापसाच्या गाड्या लागतात त्या वेगळ्या. जवळचं दुकान दीड किलोमीटरवर.
नागपूरला एका बंद पडलेल्या ऑफिसातलं थंड्याचं व्हेंडिंग मशीन विकायला आहे. काचेचं दार, आत स्प्रिंगा, बटण दाबलं की बाटली खाली पडते. वापर चार-पाच वर्षांचा म्हणतो. ६५,००० सांगून राहिला. नव्याचा भाव काढला तर दोन लाखांच्या पुढे गेला, म्हणून याच्यावर जीव आला. काका म्हणतात, "तुझे पैसे, तू जाण." कोणी असलं जुनं मशीन घेतलं आहे का? काय पाहून घ्यावं?

चिंचगुळी
सोडा मशीन म्हणजे ते नळवालं ना? जिरा, लिंबू, ऑरेंज, काला खट्टा? आमच्या गावात बसस्टँडवर दोन आहेत, उन्हाळ्यात उभं राहायला जागा नसते.

कपाशीवाला
नाही, ते वेगळं. त्याला माणूस उभा लागतो. मला बिनमाणसाचं पाहिजे.

बाप्पा_रे_बाप्पा
भाऊ, बिनमाणसाचं मशीन आन् सत्तर माणसाईची जिनिंग! पोट्टे आठ दिवसात त्याच्यातून फुकट बाटली कशी काढाची ते शिकून घेतीन. आमच्या कॉलेजात एक होतं असंच. त्याले एका ठराविक जागी बुक्की मारली की बाटली पडे. ती जागा दर वर्षी सीनियर पोट्टे ज्युनियरले दाखवून देत.

थंडगार_मिस्त्री
अमरावतीत रेफ्रिजरेशनचं काम करतो, बावीस वर्षं झाली. व्हेंडिंग मशीन जास्त हाती आली नाहीत, पण आतून ते फ्रीजच. तेव्हा तेवढ्यापुरतं सांगतो.

पहिलं काम, मशीनच्या मागची किंवा दाराच्या आतली पाटी वाचा. फोटो काढून इथे टाका. त्यावर व्होल्ट, हर्ट्झ, गॅस कोणता आणि किती ग्रॅम, हे सगळं असतं. ११५ व्होल्ट ६० हर्ट्झ दिसलं तर तिथूनच परत फिरा. बाहेरून आलेलं मशीन असतं ते, ट्रान्सफॉर्मर लावून चालवतात, पण व्होल्टेज बदललं तरी हर्ट्झ बदलत नाही, आणि कॉम्प्रेसर कायमचा कुरकुरत राहतो. गॅस आर-१३४ए असेल तर ठीक. आर-१२ असेल तर ते मशीन भंगारच समजा, तो गॅस आता कोणी भरून देणार नाही.

दुसरं, त्याच पाटीवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. एन म्हणजे बाहेर ३२ अंशांपर्यंत, एसटी म्हणजे ३८, नुसता टी म्हणजे ४३. एसी ऑफिसातलं मशीन बहुतेक एन असतं. ते तुम्ही दर्यापूरच्या मे महिन्यात टिनाखाली ठेवणार. कॉम्प्रेसर चोवीस तास बंदच होणार नाही आणि बाटली तरी कोमटच निघेल.

तिसरं, विकणाऱ्याला सांगा मशीन आदल्या रात्रीपासून चालू ठेव. तुम्ही गेल्यावर त्याने चालू केलं तर काहीच कळत नाही. आपला थर्मामीटर न्या, आतल्या एका बाटलीपाशी ठेवा. ४-५ अंश यायला पाहिजे. मग दाराच्या रबरात दहाची नोट धरून दार लावा आणि नोट ओढा. अलगद निघाली तर रबर गेलं. चारही बाजूंनी करा, लोक फक्त हँडलच्या बाजूला करतात. खाली वाकून तळाचा पत्रा पाहा, गंजतो तिथूनच. आणि कॉम्प्रेसरच्या डबीचा वास घ्या. जळकट वास आला तर रिले (कॉम्प्रेसर सुरू करणारा खटका) किंवा वाइंडिंग गेलं समजा.

आणताना उभंच आणा. अडीचशे-तीनशे किलोचं धूड असतं, छोट्या हत्तीत आडवं टाकायचा मोह होतो. आडवं आणलंच तर उभं करून एक दिवस तसंच राहू द्या, मग चालू करा. आडवं झालं की कॉम्प्रेसरमधलं तेल पाइपात जातं.

डॉलरकाका
मिस्त्रींनी मशीनचं सांगितलं, मी धंद्याचं सांगतो. मूळचा कारंजा लाडचा, आता न्यू जर्सीत. इथे नोकरी सांभाळून तीन मशीनं चालवली, एक टायरच्या गॅरेजात, दोन गोदामांत. तिन्ही जुनीच घेतली होती.

इथली जुनी मशीनं दोन जातींची. एक काचेचं, तुमच्यासारखं. दुसरं बंद दाराचं, आत उभे रकाने आणि त्यात डबे एकावर एक रचलेले. दुसरं दणकट असतं, स्वस्त मिळतं, आणि फसतो माणूस तिथेच. कारण ते १२ औंसाच्या, म्हणजे ३५५ मिलिलीटरच्या जाड डब्यासाठी बसवलेलं असतं. भारतात तुमचा डबा ३०० मिलिलीटरचा आणि सडपातळ. त्या रकान्यात तो एकतर अडकतो नाहीतर एका बटणाला दोन पडतात. पट्ट्या टाकून रकाना अरुंद करता येतो, पण ते करणारा हात पाहिजे. तुम्ही काचेचं घेता आहात ते बरं. तरी एक करा. तुमच्याकडे जी बाटली खपते तीच दहा नग सोबत घेऊन जा आणि त्या स्प्रिंगेतून पाडून पाहा. स्प्रिंगेचा फेर ठरलेला असतो. बारीक बाटली मोठ्या फेरात गेली की तिरपी होऊन काचेला टेकून बसते, आणि गिऱ्हाईक मशीन हलवायला लागतं. इथे मशीन अंगावर पडून माणसं मेलेली आहेत, म्हणून प्रत्येकावर हलवू नका असं चित्र असतं. भिंतीला बोल्ट मारा.

गॅरेजातलं मशीन चांगलं चाललं. एका गोदामातलं कधीच चाललं नाही. मशीन दोन्हीकडे एकाच कंपनीचं, एकाच वर्षाचं. फरक एवढाच की गॅरेजात गाडी होईपर्यंत गिऱ्हाइकाला बसून राहावं लागे. गोदामातली माणसं घरून डबा आणि पाणी घेऊन येत.

रुईफूल
@डॉलरकाका, अगदी. @कपाशीवाला, तुमच्या रेच्यावरच्या बाया वीस रुपयांची बाटली घेतील? रोज? मी हिंगणघाटकडची आहे, आमच्या घरचीही जिनिंग होती. बाया घरून पाण्याची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून आणत. वीस रुपयांत त्यांच्या घरी अर्धा लिटर दूधही येत नाही, त्या थंड्यावर कशाला घालतील?

आणि जिनिंगचा सीझन कधी असतो? दिवाळी ते मार्च. थंड्याचा सीझन कधी? मार्च ते जून. तुमचे रेचे बंद होतात तेव्हा लोकांना तहान लागते. डिसेंबरच्या सकाळी कापूस घेऊन आलेला माणूस काय मागेल हो? चहा.

कपाशीवाला
@रुईफूल, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं असं म्हणणार नाही, पण मांडून पाहिलं नव्हतं. ऑफ सीझनला आम्ही लाईनचा लोड पण कमी करून घेतो.

हिशेबनीस
मांडूनच पाहू ना. काचेच्या दाराचं मशीन दिवसाला ७-८ युनिट खातं. ८ धरा. महिन्याचे २४०. सगळे आकार धरून युनिट तुम्हाला कितीला पडतं?

कपाशीवाला
साधारण ११.

हिशेबनीस
म्हणजे २,६४० रुपये महिना नुसती वीज. वीसच्या बाटलीवर तुम्हाला किती सुटतील? एजन्सीकडून पेटीने घेऊन अडीच रुपये धरू. विजेचे पैसे निघायलाच १,०५६ बाटल्या लागल्या. रोजच्या ३५. त्यानंतर मशीनचे पैसे, मिस्त्री, फुटलेल्या बाटल्या, तुमचं पेट्रोल. आणि "थंड करून दिलं" म्हणून बाविसाला विकता येणार नाही. छापील किमतीच्या वर एक रुपया घेतला तरी वजनमापवाल्यांचा गुन्हा आहे. मशीनमध्ये तर बावीस लिहिलेलं दिसतंच, पुरावा शोधायलाही नको. एफएसएसएआयची नोंदणी पण लागेल, मशीनमधून विकलं तरी तो खाद्यपदार्थाचाच धंदा.
थंड्यावर जीएसटी आता ४० टक्के आहे, २२ सप्टेंबर २०२५ पासून. अर्थात आधीही २८ अधिक १२ उपकर मिळून तेवढाच होता, त्यामुळे बाटलीच्या भावात फरक नाही.

बाप्पा_रे_बाप्पा
दहावाल्या बाटल्या ठेव ना भाऊ. कॅम्पा आल्यापासून गावात दहाचीच चालते. वीसची कोण घेईन.

हिशेबनीस
दहाच्या बाटलीवर सुटतं त्याच्या निम्मं. मग रोजच्या ७०.

मुळामुठा
यूपीआय लावलं की सुट्ट्या पैशांची कटकट नाही. आमच्या कंपनीत क्यूआर स्कॅन करतो, दोन सेकंदांत कॅन पडतो. यात एवढा विचार कशाला?

बाप्पा_रे_बाप्पा
@मुळामुठा, या एकदा दर्यापूरले. स्कॅन करा, मंग टावर शोधत काट्यावर चढा, पैसे कटले का ते पाहा, मंग खाली उतरा. तवरीक बाटली गरम होऊन जाते.

थंडगार_मिस्त्री
हसण्यावारी नेऊ नका, यूपीआयचा डबा मशीनमध्ये बसवतात त्यात स्वतःचं सिम असतं. तिथे नेटवर्क नसेल तर पैसे जातात आणि मशीनला निरोपच येत नाही. जागेवर त्याच कंपनीचं सिम घालून फोन धरून पाहा, किती कांड्या येतात. आणि जुन्या मशीनच्या बोर्डाला एमडीबीची, म्हणजे पैसे घेणारी यंत्रं लावायची ठरलेली जोडणी आहे का ते विचारा. ती नसेल तर यूपीआयचा डबा लावणं म्हणजे अर्धं मशीन बदलणं.

सोडावाला_मूर्तिजापूर
मघाशी चिंचगुळी यांनी नळवाल्या मशीनचं म्हटलं, ते मी चालवतो, आठ फ्लेवरचं. धागाकर्त्याला नको असलं तरी लिहितो, कारण नफा त्यातच आहे. बाटलीवर अडीच रुपये सुटतात, ग्लासावर निम्म्याच्या वर. पण जुनं घेणार असाल तर खूप ठेचा खाव्या लागतात, मी खाल्ल्या.

मी पहिलं मशीन जुनंच घेतलं होतं. सोड्याला चव येईना, तोंडात पैसा धरल्यासारखी लागे. दोन गिऱ्हाइकं मळमळतं म्हणाली. मिस्त्रीने उघडलं तर आधीच्या मालकाने कार्बोनेटरच्या, म्हणजे पाण्यात गॅस मिसळणाऱ्या टाकीच्या पुढे तांब्याची नळी टाकून दुरुस्ती केलेली. सोडा म्हणजे आम्लच, तो तांबं खातो आणि ते ग्लासात उतरतं. कार्बोनेटरच्या पुढे पितळ-तांबं काहीही नको, स्टील नाहीतर खाण्याच्या दर्जाची प्लास्टिक नळी. सोडा उलटा पाण्याच्या लाईनीत जाऊ नये म्हणून झडप असते, ती पण पाहा.

गॅसचं सांगतो. सिलिंडरातला कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांपर्यंतच द्रव राहतो. त्याच्या वर गेला की द्रव आणि वायू असा फरकच उरत नाही आणि दाब भराभर चढतो. आपल्याकडे ३१ अंश फेब्रुवारीतच होतात. गॅसवाला सिलिंडर गच्च भरून देतो आणि आपण उन्हात ठेवतो, मग सेफ्टी फुटते. माझी एकदा फुटली, दुपारी दोन वाजता. आवाज असा की समोरचा भजेवाला कढई सोडून पळाला. बंद खोलीत ठेवू नका, हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, माणूस गुदमरतो. आणि वेल्डिंगवाल्याकडचा सिलिंडर स्वस्त पडतो म्हणून लावू नका, खाण्याच्या दर्जाचाच घ्या.

आणि पाणी. दर्यापूर म्हणजे खारपाणपट्टा. बोअरच्या पाण्याचा सोडा केला तर सलाईनच होईल. आरओ लागेल, त्याचं वाया जाणारं पाणी कुठे सोडायचं तेही पाहावं लागेल. पाणी गार असल्याशिवाय त्यात गॅस मुरत नाही, २-४ अंश पाहिजे. लाईन गेली की नुसतं गोड पाणी.

हिशेबनीस
नळवाल्यात एक मेख. सोडा तुम्ही बनवता, म्हणजे उत्पादक झालात. सोडा-थंडा बनवणाऱ्याला जीएसटीची कंपोझिशन योजना, म्हणजे छोट्या धंद्याला उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची सोय, मिळत नाही. उलाढाल छोटी असेल तर प्रश्न नाही, पण काकांच्या जिनिंगच्याच नावावर चालवाल तर उलाढाल तिच्यातच धरली जाईल, मग प्रश्न आहे.

चिंचगुळी
यापेक्षा गोटी सोडा बरा. ना लाईन, ना सिम, ना स्प्रिंग. १८७२ सालचं पेटंट आहे म्हणे त्या गोटीच्या बाटलीचं आणि अजून अंगठ्याने उघडते.

रुईफूल
विषय निघालाच आहे तर, मशीन ठेवणार कुठे? रेच्याच्या हॉलमध्ये अजिबात नको. रिलेची एक ठिणगी आणि समोर मोकळी रुई. विमा कंपनीला न सांगता असं काही बसवलं तर दावा अडकतो. आणि ती तरंगती रुई पंख्याने ओढून मागच्या जाळीवर बसते. आमच्या ऑफिसातल्या साध्या कूलरच्या गवतावर आठ दिवसांत अशी गादी जमायची की उशी भरावी.

कपाशीवाला
काल नागपूरला जाऊन आलो. थर्मामीटर, दहाची नोट, दहा बाटल्या, सगळं घेऊन. विकणारा माझ्याकडे पाहतच राहिला.

पाटी: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, आर-१३४ए. इथवर जीवात जीव आला. वर्ग एन. मिस्त्री, तुम्ही म्हटलं तेच. रात्रभर चालू ठेव म्हटलं होतं, त्याने सकाळी केलं. तरी तीन तासांत ७ अंशांवर आलं. रबर हँडलच्या बाजूला घट्ट, बिजागरीच्या बाजूला नोट नुसती फुंकरीने बाहेर.

मग बाटल्या. वरच्या दोन खणांत वीसवाली नीट पडली. तिसऱ्यात तिरपी झाली आणि काचेला गाल लावून उभी राहिली. मी आणि तो विकणारा दोघं खाली बसून तिच्याकडे पाहत होतो. दुसरी पाडली की पहिली पडेल म्हणून आणखी एक बटण दाबलं, तर दुसरी पहिलीच्या पाठीला टेकली.

नाण्याच्या खाचेत जुनं दहाचं नाणं घातलं, घेतलं. वेगळ्या छापाचं घातलं, परत. वीसचं बाराकोनी घातलं तर ते गिळलं, पण पडद्यावर शून्य. ते वीस रुपये अजून तिथेच आहेत. एमडीबी आहे असं म्हणतो, बोर्डावर तशी जोडणी दिसली. ६५ चे ४८ वर आला. मी ३० म्हटलं आणि निघालो.

बाप्पा_रे_बाप्पा
म्हणजे पहिलं गिऱ्हाईक तूच आन् वीस रुपये बुडाले. 😄

थंडगार_मिस्त्री
रबर मिळतं, मापाने करून घेता येतं. नाण्यांचं यंत्र काढून टाका, रिझर्व्ह बँकेनेच २०१८ मध्ये सांगितलं होतं की दहाच्या नाण्याचे १४ छाप आहेत आणि सगळे चालतात. जुन्या यंत्राला १४ कोण शिकवणार? ३० ला मिळालं तर माझा नकार नाही. पण एन वर्गाचं मशीन मेमध्ये उघड्यावर नको. स्टॅबिलायझर लावा, तुमच्याकडे संध्याकाळी १७० व्होल्ट येतं, कॉम्प्रेसर सुरू होताना तिथेच जळतो.

कपाशीवाला
एक गोष्ट लिहायची राहिली होती, खरं म्हणजे लिहावी की नाही ठरत नव्हतं. गेटवर एक मावशी चहाची टपरी चालवतात. चौदा वर्षं झाली. त्यांच्याकडे बर्फाच्या डब्यात आठ-दहा थंड्याच्या बाटल्या असतात. मशीनचं त्यांच्या कानावर गेलं. काल संध्याकाळी काट्यावर आल्या, चहा ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊ, माह्या पोटावर पाय द्याले आता लाईटचं कपाट आणून रायले का?"
मला काही बोलता आलं नाही. त्यांच्या डब्यातल्या बाटल्या जातात कुणाला ते मात्र विचारलं. बायांना एकही नाही. ट्रॅक्टरवाले आणि ट्रकचे ड्रायव्हर. गाडी नंबरात लागली की तीन-चार तास अडकतात, ते घेतात.

डॉलरकाका
तेच तुमचं टायरचं गॅरेज.

रुईफूल
मग मशीन मावशींनाच चालवू द्या ना. बाटल्या त्या भरतील, चावी त्यांच्याकडे, तुम्ही जागा आणि वीज. त्यांच्याकडे माणूस आहेच, तुम्हाला बिनमाणसाचं करायची गरजच काय? आणि माणूस असेल तर स्प्रिंगा आणि यूपीआय कशाला? जुना काचेचा कूलर घ्या, विझी कूलर म्हणतात तो. यातल्या एकाही भानगडीशिवाय.

कपाशीवाला
कूलरचंच मीही म्हटलं त्यांना. तर मावशींचं वेगळंच. दुपारी त्या घरी जातात, गाई आहेत, १ ते ४ टपरी बंद. तेव्हाच गाड्यांची गर्दी. कूलरला कुलूप लागेल, मशीनमधून माल जाईल. हे त्यांनी मला समजावलं, मी त्यांना नाही.
आणि एप्रिलपासून आमच्या शेजारची दाल मिल जोरात असते, तुरीच्या गाड्या तिथे लागतात. तिथला व्हरांडा उत्तरेचा आहे, जाड भिंतीचा, ऊन येत नाही. मिलवाले ओळखीचे आहेत.

हिशेबनीस
दोन ठिकाणचे मिळून वर्षाचे आठ-नऊ महिने झाले. आता रोजच्या ३५ बाटल्या शक्य वाटतात. वीज कुणाच्या मीटरवर ते आधी लिहून ठेवा.

कपाशीवाला
३४ वर सौदा झाला. माझे वीस रुपये आतून काढून देणार असं कबूल करून घेतलं. मंगळवारी छोटा हत्ती जातो आहे, उभंच आणतो, पट्टे बांधून.
आता मावशींचा प्रश्न, तो मिस्त्रींसाठी. त्या म्हणतात, ड्रायव्हर लोक थंड्यापेक्षा मठ्ठाच जास्त विचारतात, "त्या कपाटात ताक ठेवता येते काय?"

थंडगार_मिस्त्री
पिशवीतलं नको. स्प्रिंगेत पिशवी उभी राहत नाही, आणि पडली की फुटते. लाईन चार तास गेली तर आंबतं ते वेगळं. कागदी खोक्यातला टेट्रा पॅक चालेल, तो बाहेरही टिकतो, स्प्रिंगेत सरळ उभा राहतो. तिसऱ्या खणात, जिथे तुमची बाटली तिरपी झाली ना, तिथे तो नीट बसेल असं वाटतं. माप घेऊन पाहा.

कपाशीवाला
घेतो. अमरावती-अकोल्यात २०० मिलिलीटरचा टेट्रा पॅक मठ्ठा पेटीने कुठे मिळतो? किरकोळ नको, छापील किमतीच्या आत आम्हालाही काही सुटलं पाहिजे.